झालं म्हटल्यावर

तिला सगळे हनुवटी म्हणायचे, आणि त्यात तिच्या हनुवटीचा काही दोष नव्हता. मामाच्या फोटो स्टुडिओत ती पासपोर्टचे फोटो काढायची आणि दिवसभर एकच पाढा म्हणायची: "हनुवटी जरा खाली, कान दिसू द्या, हसू नका, डोळे उघडे. झालं." शेजारच्या झेरॉक्सवाल्याला भिंतीपलीकडून हा पाढा इतका पाठ झाला होता की एकदा ती आजारी पडली, तेव्हा तो दारात येऊन मामाला म्हणाला, आज हनुवटीचा आवाज नाही वाटतं. नाव पडलं ते पडलंच. पुढे पुढे आईसुद्धा रागावली की तिला याच नावाने हाक मारायला लागली.

स्टुडिओ म्हणजे एक लांबट खोली. एका टोकाला पांढरा पडदा, त्याच्यापुढे फिरतं स्टूल, दोन बाजूंना छत्र्या लावलेले दिवे, दाराशी आरसा आणि आरशाला दोरीने बांधलेला कंगवा. दोरी नसती तर कंगवा केव्हाच परदेशी गेला असता. रस्त्यापलीकडे सरकारी कचेरी होती, आणि तिथे अर्ज करायला आलेला प्रत्येक माणूस फोटोसाठी धावत इकडे यायचा. फोटोत आपण चोरासारखे दिसतो म्हणून कुरकुरायचा आणि तोच फोटो घेऊन पुन्हा तिकडे धावायचा. मामाचं म्हणणं असं की पासपोर्टच्या फोटोत माणूस देखणा दिसायला लागला तर समजावं, आपलंच काहीतरी चुकलंय.

वडील गेल्यावर मामाने तिला आणि आईला आपल्या घरी आणलं, शिकवलं, आणि कॉलेज सुटल्यावर कॅमेऱ्यामागे उभं केलं. ती कामात वाकबगार होती. रडणारं बाळ, डोळे मिचकावणारे आजोबा, सारखी केस सावरणारी नवरी, कुणीही असो, एका फटक्यात फोटो. पण रविवारी ती स्वतःचा जुना कॅमेरा घेऊन बाहेर पडायची आणि बंद दुकानांचे फोटो काढायची. शटर, कुलूप, पायरीवरचं मांजर. असे काही फोटो तिने एका मासिकाला पाठवले आणि विसरून गेली.

मासिकाच्या संपादक बाई विसरल्या नाहीत. त्यांनी बोलावून घेतलं आणि सरळ सांगितलं की दुकानं छान आहेत, पण दुकानात माणसं असतात, ती का नाहीत? नवीन महामार्ग झाल्यापासून जुन्या रस्त्यावरची गावं मागे पडली होती. त्या रस्त्याने गावोगाव जायचं आणि तिथे अजून हाताने काम करणाऱ्या माणसांचे चेहरे आणायचे. जाण्यायेण्याची आणि राहण्याची सोय मासिक करील. फोटो पसंत पडले तर कायमचं काम, नाही पडले तर राम राम.

मामा दुष्ट नव्हता, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. त्याने सगळं ऐकून घेतलं, दिव्यावरची धूळ पुसली आणि म्हणाला, "जा. पण कचेरी काही तुझ्यासाठी थांबायची नाही, म्हणून मलाही थांबता यायचं नाही. तुझ्या जागी माणूस घ्यावा लागेल आणि एकदा घेतलेल्या माणसाला मी काढणार नाही." आई म्हणाली, हातचं सोडून पळत्याच्या पाठीस लागणं म्हणतात ते हेच. एवढं बोलून तिने मुलीची बॅग भरायला घेतली आणि त्यात एक जादा स्वेटर कोंबला.

पहिल्या काही गावांत हनुवटीने मन लावून काम केलं. सकाळी बसने पोचायचं, चहाच्या टपरीवर चौकशी करायची, कामाच्या जागी जायचं, परवानगी मागायची. लोक भले होते, कुणी नाही म्हणत नव्हतं. संध्याकाळी लॉजच्या खोलीत ती पलंगावर लॅपटॉप उघडून बसली आणि एकेक फोटो बघता बघता तिचं तोंड उतरत गेलं. बेकरीवाला भिंतीला पाठ लावून, दोन्ही कान दाखवत उभा होता, जणू पावाबरोबर त्यालाही परदेशी जायचं होतं. सायकल दुरुस्त करणारा तसाच. गाद्या शिवणारी तशीच. हनुवटी खाली, डोळे उघडे, कुणी हसत नव्हतं.

तिने कुणालाही तसं उभं राहायला सांगितलं नव्हतं, निदान तिला तसं वाटत होतं. मग आठवलं की सांगितलं होतं. प्रत्येकाला. पाढा तोंडातून आपोआप बाहेर पडत होता आणि बिचारी माणसं शहाण्यासारखी ऐकत होती. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असं स्वतःला म्हणून तिने लॅपटॉप मिटला. त्या रात्री तिला पहिल्यांदा खरी भीती वाटली. भीती नापास होण्याची नव्हती. आपल्याला दुसरं काही येतच नाही, हे कळण्याची होती.

त्यात सकाळी मामाचा फोन आला. मामीचा भाऊ रिकामाच होता, तो कालपासून कॅमेऱ्यामागे उभा राहतो आहे आणि बरा शिकतो आहे, एवढं मामाने सांगितलं आणि जेवतेस ना वेळेवर, असं विचारलं. तिने हो म्हटलं. परतीचं दार लागलं होतं आणि ते कुणी आदळलंही नव्हतं, त्यामुळे भांडायलाही कुणी नव्हतं.

पुढच्या गावात एका मोठ्या लॉजच्या तळघरात कपडे धुण्याची खोली होती. तिथे एक बाई दिवसभर चादरींना इस्त्री करायची. वाफेने भिंती ओल्या, वर एकच ट्यूबलाइट, आणि चादरींचा डोंगर कमरेपर्यंत. हनुवटीने तिला भिंतीपाशी उभं केलं, पाढा म्हटला, बटण दाबलं आणि "झालं" म्हणाली. कॅमेरा मात्र मध्येच झोपी गेला होता, फोटो निघालाच नव्हता. तिने तो जागा करून पुन्हा डोळ्याला लावला, तोवर बाई सुटली होती. तिने मोठा श्वास सोडला होता, एक हात कमरेवर ठेवून पाठ मागे ताणली होती आणि चादरींच्या डोंगराकडे अशी बघत होती की अजून एवढ्या आहेत, आणि बघतेच मी तुमच्याकडे. हनुवटीने बटण दाबलं.

तो फोटो तिने तिथेच बाईला दाखवला. बाईने ओले हात पुसले, वाकून बघितलं आणि म्हणाली, "अगोबाई, ही तर माझी आई." मग बराच वेळ स्वतःशीच हसत राहिली.

हनुवटीला पुढचा मार्ग सापडला. इतकी वर्षं ती "झालं" म्हणायची आणि माणूस स्टुलावरून उतरायचा, तेव्हा तिची पाठ फिरलेली असायची. आता ती पहिला फोटो रीतसर काढायची, पाढ्यासकट. मग "झालं" म्हणायची, आणि माणूस सैल पडून आपल्या चेहऱ्यात परत आला की दुसरा काढायची. वखारीतल्या करवतवाल्याने "झालं" म्हटल्यावर आपल्या तोकड्या बोटाकडे बघितलं. शाळेची घंटा वाजवणाऱ्या बाईने जांभई दिली आणि जांभईतच हसली. हनुवटी प्रत्येकाला दुसरा फोटो दाखवायची, आणि आपल्याला कसं फसवलं म्हणून ते पोट धरून हसायचे. ती खूश होती. चालताना गाणं गुणगुणायची, नको तिथे पेरू विकत घ्यायची. आपण खरंच फोटोग्राफर आहोत, असं तिला वाटायला लागलं, आणि तसं वाटणं खोटं नव्हतं.

शेवटच्या गावात किल्ल्या बनवणारे एक म्हातारे गृहस्थ होते. दुकान जिन्याखाली, इतकं अरुंद की गिऱ्हाईक बाहेरच उभं राहायचं. भिंतीवर खिळ्यांना कोऱ्या किल्ल्या टांगलेल्या, पुढे घासायचं यंत्र, त्याच्यामागे त्यांचं उंच स्टूल. आतल्या कोपऱ्यात अजून एक स्टूल होतं, बुटकं. त्यावर कुणी बसलेलं नव्हतं आणि काही ठेवलेलंही नव्हतं. एवढ्या अडचणीच्या दुकानात ती एकच जागा मोकळी होती.

म्हाताऱ्यांनी शर्टाचं वरचं बटण लावलं आणि ताठ बसले. पाढा झाला, पहिला फोटो झाला. "झालं," हनुवटी म्हणाली. त्यांनी मान वळवली आणि त्या बुटक्या स्टुलाकडे बघितलं. भुवया किंचित वर, ओठांच्या कडेला थोडं हसू. कसा बसलो होतो मी, असं घरच्या माणसाला विचारावं तसं. दुसऱ्याच क्षणी त्यांना स्टूल रिकामं दिसलं. हनुवटीने नेमकं तेव्हा बटण दाबलं, आणि आवाजाने ते वळले.

"झालं म्हणालात ना?" त्यांनी विचारलं.

तिने नेहमीप्रमाणे फोटो दाखवला. ते हसले नाहीत. हातातली किल्ली त्यांनी खाली ठेवली. दुकानात पत्नीही बसायची, किल्ल्यांना नंबरांचे बिल्ले बांधायची, ती थंडीत गेली, एवढं त्यांनी जेमतेम ऐकू येईल असं सांगितलं. मग म्हणाले, "ताई, पहिला फोटो मी दिला. हा तुम्ही काढलात. ते बघणं तुमच्यासाठी नव्हतं."

तिने माफी मागितली. पुसून टाकू का, असंही विचारलं, पण विचारताना तिचा आवाज असा निघाला की पुसायची तयारी नाही हे बहिऱ्यालाही कळलं असतं. यंत्र तुमचं आहे, तुम्हीच बघा, असं म्हणून ते पुढच्या किल्लीकडे वळले. ती फोटो घेऊन निघाली. बसमध्ये तिला लाज वाटत होती, आणि तरी दर थोड्या वेळाने ती कॅमेरा काढून तोच फोटो बघत होती. इतकं चांगलं काम तिच्या हातून आजवर झालं नव्हतं.

संपादक बाईंनी सगळे फोटो छापून टेबलावर पसरले. चष्मा डोक्यावर चढवून त्या टेबलाभोवती फिरल्या, काही फोटो बाजूला सारले, इस्त्रीवालीपाशी थोड्या थांबल्या. म्हाताऱ्यांच्या फोटोपाशी आल्या आणि त्यांनी जवळची खुर्ची ओढली. हा मुखपृष्ठावर जाईल, त्या म्हणाल्या, आणि असा मिळाला कसा, हे विचारलं.

हनुवटीला ताकास तूर लागू न देता गप्प बसता आलं असतं. पण "झालं" म्हणून आपण काय करतो ते तिने सांगून टाकलं, आणि म्हातारे काय म्हणाले तेही. बाईंच्या कपाळाला आठ्या पडल्या. मग त्यांना फोन लाव, त्या म्हणाल्या. दुकानाच्या पाटीवरचा नंबर हनुवटीने टिपून घेतला होता. म्हाताऱ्यांनी शांतपणे ऐकलं आणि सांगितलं की नमुना बघितल्याशिवाय मी किल्लीसुद्धा करत नाही, कागदावर आणून दाखवा.

बाईंनी फोटो पाकिटात घालून तिच्या हातात दिला. उद्या संध्याकाळी अंक छापायला जाणार होता. "एक सांगते," त्या म्हणाल्या. "बाकीचे चांगले आहेत. चांगले फोटो मला रोज येतात, त्यांच्यासाठी मी कायमचं माणूस ठेवत नाही. या एकासाठी ठेवीन. तेव्हा हो घेऊनच फोन कर."

दुसऱ्या दिवशी हनुवटी पहिल्या बसने निघाली. वाटेत तिने बोलायचं सगळं मनात मांडून ठेवलं. हा फोटो हजारो लोक बघतील, त्यांना आपलं कुणी आठवेल, हा तुमच्या पत्नीचाही मान आहे. प्रत्येक वाक्य खरं होतं आणि प्रत्येक वाक्य आपल्या कामापुरतं आहे हे तिला ठाऊक होतं. मामीचा भाऊ आता कॅमेऱ्यामागे उभा असेल, हेही मधूनमधून आठवत होतं.

म्हातारे एका गिऱ्हाइकाची किल्ली घासत होते. ती पुरी करून, फुंकर मारून, गिऱ्हाइकाला देऊन मगच त्यांनी पाकीट उघडलं. चष्मा बदलला. फोटो दोन्ही हातांत धरून ते खूप वेळ बघत राहिले. "असा बघतो मी?" त्यांनी विचारलं, आणि उत्तराची वाट बघितली नाही. तिने पाठ केलेलं पहिलं वाक्य ओठांवर आलं. त्यांचा चेहरा बघून तिने ते गिळलं.

"नको छापायला," ते म्हणाले. "पण मला हा ठेवता येईल का?"

ठेवा, ती म्हणाली. तिने कॅमेरा काढला आणि त्यांच्यासमोर तो फोटो पुसला. मला दाखवायची गरज नाही, ते म्हणाले. मला आहे, ती म्हणाली.

बाहेर येऊन तिने बाईंना फोन केला. ते नाही म्हणाले, मी फोटो पुसला, तुमच्याकडचाही पुसा, असं एका दमात सांगितलं. मग बाई म्हणाल्या, "बरं. धबधब्याचा एक फोटो आहे, तो लावते मुखपृष्ठावर." फोन बंद झाला. कामाबद्दल त्या बोलल्या नाहीत आणि तिनेही विचारलं नाही, कारण न कळण्यासारखं त्यात काही नव्हतं. ती जिन्याच्या पायरीवर बसली आणि रडली, चांगलं नाक लाल होईपर्यंत. मामाची जागा गेली, मासिकाची आलीच नाही, आणि दोष द्यायला समोर कुणी नव्हतं.

म्हातारे पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आले. काम गेलं का, त्यांनी विचारलं. गेलं बहुतेक, ती म्हणाली.

"माझ्यामुळे?"

"नाही. मी झालं म्हणाले आणि झालेलं नव्हतं. माझ्यामुळे."

परतीची बस संध्याकाळी होती. तोवर आत बसा, उन्हात कशाला थांबता, असं म्हणून ते तिला आत घेऊन गेले. आत येऊन ती उभीच राहिली. बसा की, ते म्हणाले. तिने कोपऱ्यातल्या बुटक्या स्टुलाकडे बघितलं आणि मी उभीच बरी, असं पुटपुटली. तेव्हा त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी आपलं उंच स्टूल तिच्याकडे सरकवलं. आणि आता स्वतः कुठे बसायचं, हा प्रश्न पडल्यासारखे थोडे घुटमळले, आत गेले आणि त्या बुटक्या स्टुलावर बसले.

स्टूल फारच बुटकं होतं. त्यांचे गुडघे छातीशी आले. त्यांनी समोर बघितलं, डावीकडे बघितलं, मान लांब करून पुन्हा समोर बघितलं.

"इथून दार दिसतच नाही," ते म्हणाले. "यंत्र आड येतं. जन्मभर मी तिच्यावर ओरडत आलो, गिऱ्हाईक आलं की उठत का नाहीस म्हणून. तिला दिसायचंच नाही." ते हसले, आणि हसता हसता डोळे भरले. ते त्यांनी पुसले नाहीत. "एकदासुद्धा बोलली नाही ती. का बोलली नसेल?"

कॅमेरा हनुवटीच्या मांडीवर होता, तो तिने हलवलाही नाही. बाहेर कुणीतरी किल्लीवाले आहेत का, असं विचारून निघून गेलं. म्हातारे तिथेच बसून होते, भिंतीवरच्या किल्ल्यांकडे त्या खालच्या जागेवरून बघत. बऱ्याच वेळाने ते म्हणाले, "काढा आता."

"असाच?"

"असाच."

तिने हनुवटीचं, कानांचं काही सांगितलं नाही. कॅमेरा उचलला, बघितलं आणि बटण दाबलं. "झालं" म्हणाली नाही. तेही विचारत नव्हते. तो छापला तर चालेल का, हे तिने स्पष्ट विचारलं, तेव्हा ते म्हणाले, "हा चालेल. पण त्याखाली लिहा, ही जागा तिची होती."

बस सुटायच्या आधी तिने तो फोटो बाईंना पाठवला, त्यांचं वाक्यही जसंच्या तसं पाठवलं. कशाची अपेक्षा नव्हती. वेळ संपलेली होती, आणि या फोटोत म्हातारे दिसतही धड नव्हते. गुडघे, यंत्राची मागची बाजू, किल्ल्या आणि त्यांच्यामध्ये एक चेहरा. पण तो तिला आधीच्या फोटोपेक्षा चांगला वाटत होता, आणि या खेपेला तो बघताना लाज वाटत नव्हती. गाव मागे पडलं तोच फोन वाजला.

"हा कधी काढलास?" बाईंनी विचारलं.

"काढला नाही," ती म्हणाली. "त्यांनी दिला."

बाईंनी सांगितलं की मुखपृष्ठ छापायला गेलंय, तिथे धबधबाच राहील, हा आत पूर्ण पानभर जाईल. चालेल, हनुवटी म्हणाली. सोमवारी ये, बाई म्हणाल्या, आणि बॅग भरूनच ये.